धुऱ्यावरचा दगड

१

रामराव धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, मरून पडला होता, आणि त्याच्या तुरीवर फवारणीचा ड्रोन तरीही इमानेइतबारे ओळी धरून फिरत होता.

ड्रोन चालवणारा गोपाल जऊळक्याचा. वावराच्या उगवतीच्या टोकाला गाडी लावून तो हातातल्या पडद्यावर नजर ठेवून उभा होता. मालक समोरच्या, मावळतीच्या धुऱ्यावरून फवारणी बघतोय, एवढंच त्याला ठाऊक. बॅटरी संपत आली तसा त्यानं ड्रोन उतरवला, हाक मारली आणि उत्तर आलं नाही म्हणून तुरीतून वाट काढत गेला. रामरावच्या उजव्या कानशिलावर जखम होती. शेजारी कोंबडीच्या अंड्याएवढा गुळगुळीत दगड पडला होता.

किन्हीराजा गावाचे पोलीस पाटील भगवंतराव सगळ्यांच्या आधी पोचले. फौजेतून निवृत्त होऊन आलेला, बेताचं बोलणारा माणूस. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. ठाण्यातून नव्या फौजदार उज्ज्वला मॅडम आल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "याचं कोणाशी वाकडं होतं?"

भगवंतरावांनी खरं तेच सांगितलं. धुऱ्यापलीकडचं वावर रामकिसनचं. दोघांचं भांडण त्या धुऱ्यावरूनच, आणि जुनं. पोळ्याला साऱ्या गावादेखत रामकिसन "तुहं डोस्कं फोडीन" म्हणाला होता. आज सकाळी तो आपल्या वावरात होता आणि त्याच्या कमरेला गोफण होती. जवारी दाण्यावर आली की निम्म्या गावाच्या कमरेला गोफण असते, हे मात्र भगवंतरावांनी सांगितलं नाही. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

रामकिसनला गाडीत बसवून नेलं. संध्याकाळी रामरावची तिरडी उठली तेव्हा खांदा द्यायला हेमसिंग सर्वांत पुढं होता. हेमसिंग भगवंतरावांचा फौजेतला जोडीदार. एकाच भरतीत दोघं निवडले गेले, एकाच तोफेवर राहिले, आणि आता तो नाल्यापलीकडं वांगी-मेथी लावून आठवडी बाजार करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकिसनची बायको तुळसाबाई भगवंतरावांच्या दारात येऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"पाटील, तुमी काय पाह्यलं?"

"पाह्यलं तं काही नाही, तुळसाबाई."

"मंग बोलले कायले? उद्या कोर्टात उभं करनार म्हनतात. खुनाचं कलम! माह्या घरच्याची जीभ लंबी हाय, हात लंबा नाही. हे साऱ्या गावाले माहीत हाय. तुमाले नाही?"

तिनं पदर खोचला.

"आन दगड म्हनतात! जवारीवाला मानूस दगड मारते कधी? दगड वावरात पडला तं सोंगताना इळ्याची धार जाते. आमी मातीचे गोळे वायवून ठेवतो. चाला, टोपलंभर पडले हायत घरी."

ती गेली आणि भगवंतराव तडक धुऱ्यावर गेले. रामराव जिथं उभा होता तिथं, तो जसा उभा होता तसेच, ड्रोनच्या दिशेनं, उगवतीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचा उजवा हात दक्षिणेला होता. रामकिसनचं वावर होतं पाठीमागं.

पाठीमागून आलेला दगड उजव्या कानशिलावर समोरून कसा लागतो? काल जखम त्यांनी स्वतः वाकून पाहिली होती, आणि हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

२

ड्रोन ठाण्यात जमा झाल्यामुळं गोपालचा धंदा बंद होता. जऊळक्याला स्टेशनजवळच्या टपरीवर तो चहा पीत बसला होता.

"तुहं आन रामरावचं भांडन झालं होतं म्हनतात," भगवंतरावांनी बसता बसता म्हटलं.

"भांडन कायचं? औषध पातळ केलं म्हने. सारेच म्हनतात. आता तुमी म्हनसान गोपालनंच मारला."

"मारला का?"

"पाटील, दोनी हात पडद्यावर असतात. तिसरा देवानं देला नाही मले."

"धुऱ्यावर काय चाललं होतं, काहीच दिसलं नाही?"

"पडदा पाहनाऱ्याले पडदाच दिसते. डोयानं आभाळ पाहाची सवयच जाते हो."

हे भगवंतरावांना पटलं. त्यांचीही नोकरी तशीच गेली होती. रणगाड्यासारखी पट्ट्यांवर धावणारी, चार नळ्यांची विमानविरोधी तोफ. आत चौघं. पुढं चालक. वरच्या झाकणातून डोकं काढून आजूबाजूचं सगळं बघणारा कमांडर. आणि पोटात, लोखंडाच्या अंधारात, मांडीला मांडी लावून दोघं: रडारवर भगवंतराव, ट्रिगरवर हेमसिंग. भगवंतरावांना आभाळ दिसायचं ते हिरव्या ठिपक्यांत. वरची तबकडी फिरत आभाळ चाळायची. ठिपका उमटला की पहिला सवाल एकच, आपला की परका? तसा संकेत विमानाकडं जायचा. आपलं असेल तर उत्तर यायचं. उत्तर नाही आलं तर तबकडी त्या एकाच ठिपक्यावर रोखायची, आणि मग ती त्याचा पिच्छा सोडत नसे. अंतर, उंची, वेग मोजून यंत्र हिशोब करायचं आणि नळ्या आपोआप वळायच्या. त्यापुढचं काम हेमसिंगच्या बोटाचं.

रामकिसनच्या बाबतीत पहिलाच सवाल गाळून त्यांनी थेट तबकडी रोखली होती. पडद्यावर जो ठिपका आधी दिसला, तोच परका धरला.

"ओळ संपली का ड्रोन काय करते?" त्यांनी विचारलं.

"थांबते, बाजूले सरकते, मंग दुसऱ्या ओळीनं वापस येते. काल उत्तरेकडं सरकत चाललं होतं."

"लोकं दगड मारतात का त्याले?"

गोपाल हसला. "मारतात ना! पोट्टे मारतात, म्हातारेही मारतात. एवढ्या गावाईत फिरलो, एकही लागला नाही. सारे मांग पडतात. ड्रोन दिसते तिथं फेकतात ना येडे! दगड पोचेलोक ड्रोन पुढं गेलं राह्यते."

भगवंतरावांनी कप खाली ठेवला. कालपासून ठाणं, गाव आणि ते स्वतः एकच गोष्ट शोधत होते: रामरावला मारावं असं कोणाला वाटत होतं.

आणि रामरावला कोणी मारायलाच गेलं नसेल तर?

३

रामरावच्या वावराच्या खालच्या अंगाला रंगूबाईची जवारी. माळ्यावर बसून ती पाखरं राखत होती. हातातली गोफण न थांबवता तिनं वरूनच विचारलं, "वर येता का पाटील? का गुडघे फौजेतच ठेवून आले?"

"खालूनच बोलतो. काल सकायी तूच होती ना माळ्यावर?"

"मी नाही तं काय पाखरं होते? पोलिसाईनं मले कायी इचारलंच नाही."

"मी इचारून राह्यलो. गोफनीचा आवाज आला?"

"जवारीच्या दिसात सारं रान फटफट करते, बाप्पा. पन एक आवाज आला तो निराळा. एकच फटका, मंग गप. पाखरं राखनारा मानूस असा थांबत नाही. एक फेकला का दुसरा, दुसरा फेकला का तिसरा. मले वाटलं, कोनाची दोरी तुटली."

"कोनत्या अंगानं?"

"ते भुनभुन चालू होतं ना डोक्यावर! समजते काय त्याच्यात?"

भगवंतराव थोडा वेळ तिच्या हाताकडं बघत राहिले. ती गोळा उंच फेकत होती. तो आभाळात जाऊन लांब कुठंतरी पडत होता, आणि नुसत्या फटक्यानं कणसांवरचा थवा उठत होता.

"रंगूबाई, उडतं पाखरू कधी पाडलं का तू?"

ती एवढी हसली की माळा हलला. "गोफन पाडाले राह्यते का, पाटील? भेवाडाले राह्यते. पाखरू उडालं का आपलं काम झालं. उडत्यावर कोन नेम धरते? तुमी फौजेत गेले आन सारं इसरून आले!"

"इसरलोच," भगवंतराव म्हणाले. ते हसले नाहीत. रंगूबाईचंही हसू मग मावळलं.

"पाटील, रामकिसननं नाही मारला ना?"

"नाही."

"मंग कोनं?"

ते तुरीत शिरले.

४

तूर माणसाच्या खांद्याला लागत होती. धुरा थोडा उंच. त्यावर उभ्या माणसाचं डोकं शेंड्यांच्या वर येतं. भगवंतराव दक्षिणेकडं चालत नाल्यात उतरले आणि वळून पाहिलं. इथून धुरा दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त तुरीचे शेंडे आणि त्यांच्यावरचं आभाळ. इथल्या माणसाला रामराव दिसला असता तर दगड कदाचित सुटलाच नसता.

त्यांनी सगळं पुन्हा लावून पाहिलं. मारणाऱ्यानं दगड वापरला. म्हणजे त्याच्या वावरात जवारी नाही आणि विळ्याच्या धारेची त्याला फिकीर नाही. त्यानं एकदाच मारला. म्हणजे तो पाखरं राखत नव्हता. दगड आभाळात न जाता तुरीच्या शेंड्यांवरून सरळ आडवा गेला. म्हणजे तो त्या उंचीवरच्या कशावर तरी नेम धरून फेकला होता. त्या उंचीवर त्या सकाळी एकच वस्तू उडत होती.

इथवर कोणीही पोचला असता. पुढचं पाऊल टाकायला भगवंतरावांचे पाय तयार नव्हते, पण हिशोब थांबत नव्हता.

ड्रोनवर सगळे दगड मारतात आणि सगळ्यांचे दगड मागं पडतात. हा दगड मागं पडला नव्हता. ड्रोन उगवतीकडून धुऱ्याकडं येत होता. ओळीच्या टोकाशी तो थांबला आणि उत्तरेला सरकला. दगड मात्र तसाच पुढं गेला, ड्रोन न वळता तर जिथं असता, त्या जागेतून पार होऊन धुऱ्यावर. म्हणजे फेकणाऱ्यानं ड्रोनवर मारलंच नव्हतं. ड्रोनच्या पुढच्या रिकाम्या आभाळात मारलं होतं.

तोफेतलं यंत्र हेच करायचं. विमान आहे तिथं गोळा धाडायचा नाही. गोळा पोचेपर्यंत ते जिथं असेल तिथं धाडायचा. यंत्राची अट एवढीच, की मधल्या त्या क्षणांत विमानानं सरळ, एका चालीनं जात राहावं. वळलं की हिशोब वाया. रडार बंद पडलं तर हाच अंदाज नुसत्या डोळ्यानं बांधायचा सराव महिनोन्‌महिने करून घेत.

उडत्या वस्तूच्या पुढं नेम धरायला शिकलेली माणसं साऱ्या किन्हीराजात दोनच होती. त्यातले एक भगवंतराव स्वतः होते.

५

हेमसिंग वांगी तोडून टोपल्यात भरत होता. भगवंतराव बांधावर टेकले. पाण्याच्या पाटाशी नाल्यातले गुळगुळीत दगड रचून ठेवले होते, निवडून काढल्यासारखे, सगळे एका मापाचे.

"हेमसिंग, काल सकायी ड्रोनवर दगड मारला का तू?"

"तुले कोनं सांगतलं, राडार?" फौजेपासून तो त्यांना राडारच म्हणायचा. तो लाजल्यासारखा हसला. "मारला गड्या. साऱ्या नोकरीत काय मारलं आपन? विमानामांग दोरीनं बांधलेली निशान्याची कापडाची बाही. खरं परकं कधी आलंच नाही. नाही आलं ते बरंच झालं म्हना. पन ते समोरून चाललं होतं, सरळ, एका चालीनं. हाताले खाज सुटली. म्हनलं, पाहू तं खरं, राह्यला का हात."

"लागला?"

"कायचा! ऐन टायमाले थांबलं आन बाजूले सरकलं. नाही तं पाडलंच होतं."

भगवंतरावांना हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. ऐकायचं नव्हतं म्हणूनच ते वाटेत दोनदा थांबले होते.

"मंग दगड कुठं गेला?"

"कोनता दगड?"

"चुकला तो."

"गेला असन..." हेमसिंगचा हात वांग्याच्या देठावर थांबला.

तोफेत असताना हा प्रश्न दोघांनाही कधी पडला नव्हता. ते गोळे जर कशाला लागले नाहीत, तर थोडं अंतर गेल्यावर ते हवेतच आपोआप फुटून जायचे, आपल्याच माणसांवर पडू नयेत म्हणून. निशाण्याच्या पलीकडं काय आहे ते बघायचं काम वर डोकं काढून उभ्या कमांडरचं. पोटात बसलेल्या दोघांच्या लेखी चुकलेला गोळा म्हणजे संपलेला गोळा. उमेदीची सारी वर्षं त्या सवयीत गेली होती.

"दगड फुटत नाही, हेमसिंग."

हेमसिंग खाली बसला, ओल्या वाफ्यातच. "मी दगड मारला आन बाजाराची गाडी धरली. वापस आलो तं रामरावले नेऊन राह्यले होते. तवापासून मनात काहीतरी येत होतं. मी येऊच देलं नाही. म्हनलं एवढ्या दूर कायले जाते. म्हनलं, रामकिसननंच मारला असन. सारे म्हनत होते." तो थांबला. "तूही म्हनत होता."

"मीही म्हनत होतो."

"तिरडीले खांदा देला ना मी, राडार."

"पाह्यलं मी."

वारा पडला होता. दूर रंगूबाईच्या गोफणीचा फटका ऐकू आला तसा हेमसिंग दचकला.

"कोनाले सांगतलं तू?"

"कोनालेच नाही."

हा हिशोब मांडू शकणारा तिसरा माणूस पंचक्रोशीत नाही, हे दोघांनाही कळत होतं. हेमसिंग जर म्हणाला असता, राहू दे, तर आपण काय केलं असतं, हे भगवंतरावांना नक्की सांगता आलं नसतं. आणि पुढं कितीतरी दिवस हीच गोष्ट त्यांना सर्वांत जास्त टोचत राहिली.

"रामकिसनले उद्या कोर्टात नेतात ना?" हेमसिंगनं विचारलं.

"हो."

त्यानं पाटात हात धुतले, लुगड्याच्या फडक्यानं टोपलं झाकलं आणि खुंटीवरचा सदरा अंगात घातला. "चाल. तुळसाबाईचा मानूस आजच घरी गेला पाह्यजे."

६

उज्ज्वला मॅडमनी सगळं दोनदा ऐकलं. गोपालला फोन लावून ड्रोन कुठं वळला ते विचारलं. शिपाई धाडून पाटाशेजारचे दगड आणवले आणि धुऱ्यावरच्या दगडाशेजारी ठेवले.

"म्हणजे कोणाचंच कोणाशी वाकडं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही, मॅडम. तुमी वाकडं इचारलं, म्या वाकडं सांगतलं. चूक तिथूनच झाली."

"कलम बदलेल. हयगयीनं मृत्यू. जामीन इथंच होतो." त्यांनी हेमसिंगकडं पाहिलं. "पण जामीनदार लागेल. तुम्ही चालणार नाही, पाटील. तुम्ही साक्षीदार."

हेमसिंगनं मान खाली घातली. बायको आणि वांग्यांच्या वावराचा तुकडा, एवढाच त्याचा पसारा. गावातून आज कोण येणार होतं?

"मी राह्यतो."

रामकिसन दारात उभा होता. त्याला नुकतंच सोडलं होतं. सदऱ्याची बटणं खालीवर लागली होती.

मॅडम चमकल्या. "तुम्ही? यांच्यापायी तुम्ही आत होता."

"म्हनूनच. मी आत बसून आलो. त्याले नोका बसवू."

भगवंतराव उठले. दोन दिवस जे बोलायचं राहिलं होतं ते त्यांच्या ओठांवर आलं. "रामकिसन, माह्याकडून..."

"तुमी नोका बोलू, पाटील," रामकिसन म्हणाला. "तुमी बोलले का मानूस आत जाते."

तो टोमणा असता तर भगवंतरावांनी सोसला असता. रामकिसनच्या आवाजात राग नव्हता. मण्यार-नागाची खोड सांगावी तसं त्यानं ते सांगितलं.

सोपस्कार उरकून तिघं एसटीनं परतले. फाट्यावर उतरले तेव्हा घराघरांतून धूर निघत होता, आणि तुळसाबाई वाटेवर येऊन थांबली होती. रामकिसननं तिला हातानंच, घरी हो, आलो, असं सांगितलं. हेमसिंग आपल्या घराकडं वळला नव्हता. तो रामरावच्या गल्लीला लागला होता.

भगवंतराव त्याच्या मागं निघाले. हेमसिंगनं मान न वळवता म्हटलं, "तू नोको येऊ. तू आला का तिले वाटन पोलीस आला. हे मलेच सांगा लागते."

भगवंतराव थांबले. रामकिसन थांबला नाही. पोळ्यापासून ज्या उंबऱ्याचं त्यानं नाव टाकलं होतं, त्या उंबऱ्याकडं तो हेमसिंगच्या बाजूबाजूनं चालत गेला.

कोपऱ्यावरून भगवंतरावांना फक्त कडी वाजलेली ऐकू आली.

"कोन हाय?" आतून रामरावच्या बायकोनं विचारलं.

मग हेमसिंगचा आवाज आला. तो आपलं नाव सांगत होता.